पिशवी वाया जाऊ नये म्हणून

आमच्या ह्यांना काही वाया गेलेलं खपत नसे. धंदा शिंप्याचा, पण कापडाची चिंधी म्हणून टाकायचे नाहीत. चार बोटांचा तुकडा उरला तरी त्याची खिशाला पट्टी व्हायची. कपात घोटभर चहा राहिला तर माझी खैर नसे. एकतीस वर्षांच्या संसारात या चिकटपणापायी मी किती वेळा कपाळाला हात लावला, देव जाणे.

रक्त मात्र सढळ हातानं द्यायचे. दर चार महिन्यांनी दुकानाला कुलूप लावून रक्तपेढीत जायचे. आपलं रक्त कुणाच्या तरी कामी येणार, या विचारानं स्वारी आठवडाभर खुशीत असायची.

त्या खेपेला रक्त देऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी पोट बिघडलं. जुलाब, अंगात कणकण. रक्तपेढीच्या कार्डावर ठळक लिहिलं होतं, ताप आला किंवा पोट बिघडलं तर ताबडतोब कळवा. मी नंबर लावायला घेतला, तर ह्यांनी माझा हात धरला.

"अगं, कळवलं की पिशवी फेकून देतील. साधं पोट तर बिघडलंय."

मला ते पटलं नव्हतं. पण आजारी माणसाशी वाद कोण घालणार? मी फोन ठेवून दिला. दोन दिवसांत हे खडखडीत बरे झाले आणि आम्ही दोघंही ते विसरून गेलो.

चौथ्या आठवड्यात रक्तपेढीतून बोलावणं आलं. ऑपरेशन झालेल्या एका बाईला ती पिशवी लावली होती. तिला हुडहुडी भरली, ताप चढला आणि संध्याकाळपर्यंत ती गेली. पोटातले काही जंतू रक्तात उतरतात, त्रास सुरू व्हायच्या आधीच, आणि फ्रिजच्या थंडीतही वाढत राहतात, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. तिला मुलं होती का, असं ह्यांनी विचारलं. ते सांगता येत नाही, म्हणाल्या. ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

त्या दिवसांत काही आजार झाला होता का, असं बाईंनी विचारलं. ह्यांनी पोटाचं सांगितलं, कार्ड वाचल्याचं सांगितलं, पिशवी फेकतील म्हणून कळवलं नाही हेही सांगितलं.

"घरात कुणाला माहीत होतं?"

"नाही," हे म्हणाले. "मी कुणाला कळूच दिलं नाही."

मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते. बाईंनी तसं लिहून घेतलं, आणि मी लिहू दिलं.