सात वेढे गुलाबी फीत

न समजलेलं विचारायचं नाही आणि समजल्यासारखी मान हलवायची, ही खोड मला क्योतोत लागली. नव्वदच्या दशकात नवरा तिथल्या विद्यापीठात पीएचडीला गेला आणि त्याच्या मागून मी. पुण्यात माझं तोंड बंद करता करता घरचे थकले होते. तिथे मात्र मोडक्या जपानीला कोणी हसेल या भीतीने मी सगळ्याला नुसतं "हाय" म्हणायचे. हाय म्हणजे हो. त्या एका शब्दावर मी दोन वर्षं काढली.

आमच्या घरमालकीणबाईंचे थोरले भाऊ शहराच्या उत्तरेला, बसने सव्वा तासावर, डोंगरात एकटे राहायचे. वय सत्तरीच्या पुढे, गुडघा दुखरा, कान जड. त्यांच्या मालकीचा पाइनच्या झाडांचा एक उतार होता, त्यांनी आणि त्यांच्या बायकोने तरुणपणी हाताने लावलेला. बायको गेल्यापासून विरळणी राहून गेली होती. पाइन दाटीत वाढले की एकमेकांचं ऊन खातात, सगळेच किरकोळ राहतात आणि मग कीड लागून एकामागून एक वाळतात. वेळेवर काही काढले तर उरलेले जाड होतात आणि घरांच्या तुळयांसाठी त्यांना चांगला भाव येतो. आजोबांना हे काम थंडीत, किडे झोपलेले असताना उरकायचं होतं. मदतीला माणूस हवा होता. मालकीणबाईंनी मला विचारलं आणि मी अर्थातच हाय म्हटलं.

पहिल्या दिवशी ते काठीने दाखवत गेले. "हे वाकडं. ह्याला शेजाऱ्याने दाबलंय. ह्याचा शेंडा बघा, सरळ आहे, हे राहू दे." मी खोडाचा घेर मोजायचे, खडूने आकडा घालायचे आणि वहीत लिहायचे. राहणाऱ्याला गोल, जाणाऱ्याला फुली. दुपारपर्यंत ते बोलायच्या आधीच मला कळायला लागलं. "ओकुसानचा डोळा चांगला आहे," ते म्हणाले. ओकुसान म्हणजे आपल्याकडच्या वहिनी. मी घरी येऊन नवऱ्याला हे तीनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला. गुलाबी प्लास्टिकच्या फितीची रिळं माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "वहीप्रमाणे खुणा करा. उद्या सकाळी तोडणारे येतील."

फीत कुठल्या झाडांना बांधायची, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर प्रश्नच पडला नाही. झाडाला काही गुंडाळायचं ते एकाच कारणासाठी, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. आई वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळायची, लग्नानंतर मीही गुंडाळलं. आजोबांच्या गावातल्या छोट्या देवळापाशीही एका मोठ्या झाडाला गवताचा जाड दोर बांधलेला होता. बांधलेलं झाड जपायचं. मी वहीतला एकेक गोल शोधत उतारभर फिरले आणि प्रत्येक झाडाला सात वेढे दिले. हाच नवरा सात जन्म हवा का, हा विचार बाजूला ठेवून हात आपोआप फिरत होता. तीन रिळं संपली. आजोबांना वाकून नमस्कार करून मी चारची शेवटची बस पकडली.

अर्ध्या वाटेवर बससमोर लाकडं भरलेला ट्रक आला. रस्ता अरुंद, म्हणून आमची बस थांबली आणि ट्रक खिडकीला चिकटून सावकाश पुढे गेला. कापलेल्या प्रत्येक ओंडक्याला गुलाबी फीत होती.

मी वही काढली, गोल पाहिले, पुन्हा ट्रककडे पाहिलं. चांगलं तेवढं सगळं मी मरणाच्या यादीत घातलं होतं.

स्टॉपवर उतरल्याबरोबर टेलिफोन बूथ गाठला. घंटा वाजत राहिली. जड कानाचा माणूस, त्यांना काय ऐकू येणार? मालकीणबाई मैत्रिणींबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यांना गेलेल्या. घरी गेल्यावर नवरा म्हणाला, "टेन्शन घेऊ नकोस, सकाळी फर्स्ट बसने जा. ते लोक लगेच थोडेच कापायला लागतात?" लगेच कापायला लागतात हे मला माहीत होतं. टॅक्सीने जाता आलं असतं. पैशांचं कारण मी स्वतःला दिलं, पण त्या म्हाताऱ्या माणसासमोर उभं राहायची मला भीती वाटत होती. ही गोष्ट आजही मला छळते.

सकाळी बसमधून उतरले तेव्हा करवतीचा आवाज येत नव्हता. मी धापा टाकत उतार चढले. पायथ्याचं पहिलं झाड, वहीतलं सगळ्यात जाड आणि सरळ, आडवं पडलं होतं. तोडणाऱ्यांचा म्होरक्या बाजूला बसला होता आणि आजोबा काठीवर भार देऊन बुंध्यापाशी उभे होते. म्होरक्याला दुसरं झाडही तितकंच देखणं दिसलं होतं, त्यात एरवीच्या एका वेढ्याऐवजी सात वेढे, म्हणून तो करवत बंद करून आजोबांना बोलवायला गेला होता.

"माझी चूक," मी म्हणाले. "मी विचारलं नाही."

"सात वेळा कशासाठी?"

मी जमेल तसं वडाचं, सुताचं आणि नवऱ्याच्या आयुष्याचं सांगितलं. म्होरक्याला हसू आलं. आजोबांना आलं नाही.

"म्हणजे राखायला बांधलंत."

"हाय."

ते बुंध्याकडे बघत राहिले. "ही रांग तिने लावलेली," एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग आम्ही सगळ्या फिती सोडवल्या आणि फुलीच्या झाडांना बांधायला निघालो. सुजलेल्या गुडघ्याने ते बरोबर आले. त्यांची अट एकच, प्रत्येक झाडापाशी मी मोठ्याने विचारायचं. "हे कापायचं?" "हो." "हे?" "हो." तोडणारे खोळंबले होते, माझे कान लाजेने तापले होते, तरी मी विचारत राहिले.

पडलेल्या झाडाला लागून एक वाकडं झाड होतं. त्या मोठ्या झाडाने दाबलेलं, एका बाजूला फांद्याच नाहीत. वहीत त्याच्यापुढे ठळक फुली होती. माझा हात फितीसकट खोडापर्यंत गेला.

"हे कापायचं?"

ते वर बघत होते. काल जिथे मोठ्या झाडाचा शेंडा होता तिथे आता मोकळं आभाळ होतं, आणि ऊन थेट त्या वाकड्यावर पडलं होतं. त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, पेन्सिल घेतली आणि फुलीभोवती गोल काढला.

"बरं झालं विचारलंत," ते म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे निघाले.