जाड पाचाची फट

विलासचा शेवटचा फोन आला तो बारामतीच्या एका लाकडाच्या वखारीतून. मागे करवत चालू होती म्हणून तो ओरडत होता. तसा करवत नसतानाही तो ओरडूनच बोलायचा. "अक्काचा डावा हात किती वर जातो? खांद्याच्या वर जातो का?" विचारून सांगतो, म्हणालो. भिगवणला माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, फोन लावला. तिनं हात उचलून पाहिला. "खांद्यापातूर बी न्हाय जात रं." ते सांगायला परत फोन केला तर वखारवाल्यानं उचलला. साहेब फळीवर टिचकी मारून ऐकत होते, म्हणाला, आणि बसल्या जागी कलंडले... इतक्या गडबडीतही माझ्या मनात आलं की हे काही खरं नाही, विलास कुठे कधी बसत नाही. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा कळलं, खरं होतं.

आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. तो वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढला. तिथं ओळीत एकासारखी एक घरं, आणि खिडक्या सगळ्या एका मापाच्या, एका हिरव्या रंगाच्या. लहानपणी एकदा दुसऱ्याच्या घरात शिरून तो जेवायला बसला होता, असं त्याची आई सांगायची. खिडकी बघून घर ओळखायची सोय नव्हती. पुण्यात आर्किटेक्ट होऊन तो बारामतीला परतला आणि त्यानं कार्ड छापलं: 'जुन्या घरांच्या लाकडी खिडक्यांचे सल्लागार'. त्या काळात आमच्याकडे जो तो जुनी खिडकी उपटून ॲल्युमिनियमची सरकती बसवत होता. एवढं लांबलचक कार्ड बघून लोकांना वाटे, हा काचा पुसून देतो.

त्याचं म्हणणं साधं होतं, पण ते तो साधेपणानं कधी मांडत नसे. बारामती आणि शेजारचा भिगवणकडचा तालुका मिळून आपण एक हवा समजतो, तशी ती नाही. लोणी भापकरला कोरडा वारा आणि धूळ. तिथं लाकूड आक्रसतं, चिरतं. उसाच्या पट्ट्यात ओल असते, आणि पाचट पेटलं की काजळी. त्यात आपला मोठा पाऊस परतीचा, तो पूर्वेकडून झोडपतो, आणि पुण्यात शिकलेली माणसं छज्जा पश्चिमेला काढतात. हे शेवटचं तो स्वतःवर हसत सांगायचा. त्याच्या पहिल्याच कामात पूर्वेच्या खिडकीतून पाणी थेट घरमालकाच्या अंथरुणात गेलं होतं. लोणीत एका आबांना दगडी घराच्या खिडक्यांवर सागवानी मोरांची नक्षी हवी होती, मुलीच्या लग्नासाठी. विलास म्हणाला, "आबा, कडुलिंब घ्या, जाड झडपा करू. नक्षी दाखवायची का हवा घ्यायची?" आबा म्हणाले, "दोनी. पावनं जाईपातूर नक्षी, मग हवा." शेवटी कडुलिंबाच्या झडपांवर एकच मोर बसला. तो कोंबड्यासारखा दिसतो, पण झडप अजून लागते.

झडप आणि चौकट यांच्यात किती फट ठेवायची, हे सुताराला तो नाण्यात सांगायचा. लोणीला पातळ रुपया, बारामतीला जुना रुपया, आणि भिगवणला 'जाड पाच', म्हणजे ते पूर्वीचं वजनदार पाचाचं नाणं. नाणं फटीत घालून वरपासून खालपर्यंत फिरवायचं. अडकलं की रंधा. या भागाचा नकाशा त्याच्या खिशात खुळखुळत असे.

जाड पाच आला तो अक्काच्या घरातून. तिचं सासर भिगवणच्या कडेला. सासऱ्यांच्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा मागं ज्वारीचं रान होतं. पुढं धरण झालं, रान गेलं, उंचावरचं म्हणून घर तेवढं राहिलं, आणि खिडकीबाहेर जिथं कणसं हलायची तिथं पाणी हलू लागलं. बाभळीच्या जुन्या खिडक्या पाण्याच्या शेजाराला टिकल्या नाहीत. विलासनं पहिल्यांदा तिथं सागवानाची खिडकी बसवली ती वैशाखात, अशी घट्ट की कागद सरकणार नाही. स्वतःच तिचे फोटो काढले. आषाढात भिगवणला थेंब नव्हता. पण पाऊस वर मावळात पडतो आणि फुगतं आमचं पाणी. भिंतीनं ओल ओढली आणि खिडकी जाम. अक्कानं त्याला फोन केला, "इलास, तुझी खिडकी लई देखणी हाय. भितीवर काढल्यालं चित्रच जणू. उघडायची कवा?" तो आला तेव्हा तिनं मुसळानं एक तावदान फोडून वाऱ्याची सोय केली होती. त्या दिवसापासून जाड पाच. कुणी वारसाप्रेमी 'मूळ स्वरूप, मूळ स्वरूप' करू लागला की हा उसळायचा, "घर जुनं हाय, हवा जुनी न्हाय!"

त्याच्यासोबत कुणाकडे जायचं म्हणजे शिक्षा होती. चहा येईपर्यंत त्यानं त्या घरातल्या सगळ्या खिडक्या उघडून मिटून पाहिलेल्या असत. माझे वडील गेले तेव्हा सांत्वनाला आला आणि माजघरातली कडी सरळ करत बसला... बसला कसला, उभाच होता. आईला ते आवडलं. बाकीचे फक्त बोलून गेले, म्हणाली.

गेल्या वर्षी अक्काला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, डावा खांदा आधीपासूनच आखडलेला, छातीही अधूनमधून भरून येते. शेजारीण सकाळ-संध्याकाळ येते, पण दुपारी अक्का एकटी. तिचा मुलगा प्रकाश बारामतीत फ्लॅटवर राहतो. तो म्हणाला, "आई, दम कोंडला आणि ती खिडकी तुला उघडता आली नाही, तर? चल माझ्याकडं." त्याचं चूक नव्हतं. अक्कानं तह केला, "माझी खिडकी मी उघडतीया तवर मी हितंच. न्हाय उघडली त्या दिवशी गाडी आण." आणि विलासला निरोप धाडला, एका हाताची खिडकी कर म्हणून. त्या दिवशी वखारीत तो तिचंच लाकूड निवडत होता. पाडलेल्या एका घराच्या तुळयांचं सागवान, कितीतरी उन्हाळे खाऊन शहाणं झालेलं.

शोकसभा एका वातानुकूलित सभागृहात झाली. वीज गेली. खिडक्या न उघडणाऱ्या काचेच्या होत्या, आणि व्यासपीठावरून एक गृहस्थ घाम पुसत 'आपला मोकळा श्वास हरपला' असं सांगत होते. मी बाहेर आलो. त्याचा नेहमीचा सुतार मारुती पायरीवर बसला होता. मी त्याला अक्काच्या हाताचं सांगितलं. तो म्हणाला, "मग कडी खाली घेतो, बाजंच्या उंचीला."

भिगवणला खिडकी चढवताना वाद झाला तो फटीवरून. प्रकाशला घट्ट हवी होती, पाण्याकाठची चिलटं घरात येतात म्हणून. मारुती जाड पाचावर अडला, आणि नेमका जाड पाच कुणाकडेच नाही. तो आता कुठे मिळतो? अखेर अक्कानं उशाशी ठेवलेली पानाची चंची उलटी केली, त्यातून एक घरंगळला. प्रकाश म्हणाला, "मामा, तुम्ही तरी सांगा, एवढी फट ठेवतात का?" मी काय सांगणार? मी आयुष्यभर पुस्तकं शिकवली. याच घरात विलास एकदा चुकला होता, दुसऱ्यांदाही चुकला असेल. अक्का म्हणाली, "घालू दे रं. चिलटं काय मला नेत न्हाईत."

खिडकी बसली. अक्का डाव्या हातानं खिट्टी ओढते आणि ती उघडते. पण आत्ता उन्हाळा आहे, लाकूड सुकलेलं, आणि पाण्यावरून वारा सुटला की ती सबंध दुपार खडखडते. परवा मी तिथं आडवा झालो, तर डोळा लागेना. वाटलं, विलासच झडपा उघडून मिटून बघतोय. फटीत चिंधी घालू का, विचारलं. अक्का अंगावर आली, "हात लावू नगंस! वाजंना झाली की समज, फुगली."

म्हणजे परीक्षा पुढेच आहे. प्रकाशनं धरण भरेपर्यंत थांबायचं कबूल केलंय. मी सकाळी पेपरात धरणाच्या पाणीसाठ्याची चौकट वाचतो. इतकी वर्षं ती चौकट मी ओलांडून जायचो. दुपारी अक्काला फोन करतो. ती फोन खिडकीकडं धरते... खड्, खड्, खड्.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग ठिव आता. मला निजू दे."