हप्त्यांचा मावसभाऊ

आजच्या कामांच्या यादीत शिवणयंत्राला तेल घालणे होते. तेलाच्या वासाने मी थेट पुलगावच्या गिरणीच्या चाळीत पोचले.

मी आठ वर्षांची होते. आईने शिवणयंत्र हप्त्यांवर घेतले होते आणि चाळीत हे कुणाला कळू नये म्हणून ती फार जपायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या असतानाच वसुलीचा माणूस दारात उभा राहिला.

आईचा चेहरा उतरला. मग ती घाईने म्हणाली, "या दादा! हे माझे मावसभाऊ, वडनेरचे."

तो आत येऊन बसला. त्याने तिळगूळ घेतला.

शेजारच्या गंगाकाकू म्हणाल्या, "काऊन जी, काल तं तुमी आमचे मामेभाऊ होते ना?"

"अन् परवा आमचे दीर!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणाले.

सगळ्या खदखदून हसल्या. आईही हसली. घरोघरी हप्ते होते, पण कुणी काय घेतले, हे कुणीच विचारले नाही. बायका लवकरच उठल्या.

तेव्हा मला सगळी गंमतच वाटली होती. आता आठवते ते नंतरचे. आईने हप्ता दिला, दार लावले आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. मी ताटल्या उचलू लागले.

"राहू दे पोरी," ती म्हणाली. "जराशी बसू दे मले."