हिरवी खूण

बाळांनो,

गेल्या वर्षभरात मी तुम्हाला तीनदा कळवलं, आजोबांचा रिपोर्ट नॉर्मल आहे. ते बरोबर नव्हतं. सोमवारपासून त्यांचं रेडिएशन सुरू होतंय. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहिते.

चार वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे आजोबांची प्रोस्टेट ग्रंथी काढली. त्यानंतर दर चार महिन्यांनी पीएसए नावाची रक्ततपासणी करायची होती. छावणीतल्या लॅबमधून मी कागद आणायची. गेल्या वर्षभरात आकडा आधी ०.१, मग ०.३, मग ०.७. शेजारी छापलेलं असायचं, चारपर्यंत नॉर्मल. मी हिरव्या पेनने बरोबरची खूण करायची, भोकं पाडायची, फाईलला लावायची. नॉर्मल रिपोर्टसाठी डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा, म्हणून दाखवायला गेलोच नाही. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. छापलेल्या शब्दावर माझा विश्वास.

वर्ष उलटलं म्हणून शेवटी फाईल घेऊन गेलो, तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे पानं उलटली. "काकू, हा चारचा आकडा ज्यांची ग्रंथी अंगात आहे त्यांच्यासाठी. काकांची काढलीय. त्यांचा शून्याजवळच राहायला हवा होता."

आता प्रश्न एवढाच होता, परत आलेला कॅन्सर कितपत पसरलाय. त्यासाठी पेट स्कॅन.

जालना रोडवरच्या सेंटरमध्ये टेक्निशियन बाईंनी आजोबांच्या हाताला सुई लावली. "काका, हे औषध त्या पेशींना जाऊन चिकटतं. जिथं असतील तिथं फोटोत उजळतं. तासभर पाणी पीत बसा, लई हिंडू नका."

"आणि नाचलो तर?"

"स्कॅन झाल्यावर नाचा."

मग माझ्याकडे वळल्या. "घरात लहान लेकरं हायेत का? आजच्या दिवस त्यांना काकांजवळ जाऊ देऊ नका, औषधातून किरणं निघत्यात."

"नाहीत," मी म्हणाले.

मशीनच्या खोलीचं दार बंद झालं. मी बाहेर मांडीवर फाईल घेऊन बसले. काहीतरी वाटायला हवं होतं. मी कागदांची भोकं एका रेषेत आहेत का ते पाहिलं. होती.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. हाडं स्वच्छ, फुप्फुसं स्वच्छ. ओटीपोटात डावीकडे हरभऱ्याएवढी एक गाठ उजळलेली.

"एकच जागा आहे," डॉक्टर म्हणाले. "रेडिएशन देऊ."

"आम्ही आधी आलो असतो तर?"

"ते आता सांगता येणार नाही."

रिक्षात आजोबा म्हणाले, "मास्तरीणबाई, तीनदा पास केलंत मला." आणि हसले. मला हसू आलं नाही, रडूही नाही. मी चिकलठाण्याकडे जाणारे ट्रक बघत राहिले.

हिरव्या खुणा मी खोडलेल्या नाहीत. फाईल आता आजोबांच्या कपाटात असते, कागद ते स्वतः वाचतात आणि डॉक्टरांना दाखवतात. आत्ता ते ओट्यापाशी उभे राहून आम्हा दोघांचा चहा करतायत.