फ्रँकिंग मशीनवर शिवदासचा पहारा

वेसाव्याच्या शिवदास चिखल्यांचा, माशाचे कल्ले उघडून बघावेत तसं तपासल्याशिवाय कशावरच विश्वास बसत नसे. आई मासळी विकणारी, शिकवण तिचीच. अंधेरीच्या कंपनीत टपालाच्या टेबलावर तीस वर्षं काढली, तरी कँटीनचा चहा ते आधी हुंगत आणि मगच ओठाला लावत.

दसऱ्यापासून त्यांचं फ्रँकिंग मशीन, म्हणजे पाकिटावर तिकिटाऐवजी शिक्का उठवणारं यंत्र, रुसलं होतं. बटण दाबलं की आतली चिमुकली मोटर घर्र करून कडी मागे ओढायची आणि मशीन मोकळं व्हायचं. आता कडी मागे जायची आणि लगेच खट्ट! पुन्हा बंद. दहा वेळा मिनतवारी करावी तेव्हा एकदा चालायचं.

"मशीन आपणहून बिघडत नसतं," शिवदासांनी ठरवून टाकलं.

संशय अकाउंट्समधल्या कल्पितावर. परवाच तिने विचारलं होतं, "काका, रिटायर कधी होताय?" इतक्या गोड आवाजात फक्त खुर्चीवर डोळा असलेला माणूसच बोलतो. मग ते रोज संध्याकाळी झाकणावर काळा दोरा चिकटवून जाऊ लागले. सकाळी दोरा जसाच्या तसा. म्हणजे पोरगी दोरा परत चिकटवून ठेवते! काय बेरकी!

सोमवारी ऑफिसच्या मॅनेजर माधुरी मॅडम टेबलाशी आल्या. "शिवदासभाऊ, सभेच्या अकराशे नोटिसा आज टपालात पडायलाच हव्यात. नाही पडल्या, तर हे काम मी बाहेर देणार. तुम्ही स्टोअरमध्ये बसा."

स्टोअरला खिडकीसुद्धा नव्हती. शिवदासांनी बटण दाबलं. घर्र... खट्ट!

दुपारी मुलुंडहून भीमराज आला, सर्व्हिस इंजिनियर. शिवदास त्याच्या खांद्यावरून वाकून पाहू लागले. हा मुद्दाम स्क्रू ढिला ठेवेल, म्हणजे पुन्हा बोलावणं!

"काका, जरा लांब. श्वास मानेवर लागतोय."

"लागू दे. तुम्ही झाकण उघडा."

मागे कल्पिता चहा घेऊन उभी होती. शिवदासांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू चोर आता गुन्हा कबूल करणार.

भीमराजने झाकण काढलं, आत ब्रश फिरवला. ब्रश लालभडक!

"कडी उघडली की नाही, हे बघायला इथे एक डोळा असतो. त्याला दिसलं नाही, तर मोटर कडी परत लावते. काका, हा डोळा कुंकवाने बुजलाय. वरच्या फटीतून पडलंय."

खंडेनवमीला मशीनची पूजा शिवदासांनीच केली होती, बरोबर मधोमध, जिथे कपाळ असावं तिथे टिळा. पुढे मशीन अडू लागलं, तसा टिळा रोजचा झाला. जितकं अडे, तितकी चिमूट मोठी.

"काका, रोज सकाळी सगळ्यात आधी कोण येतं हो?" कल्पिता म्हणाली आणि तोंडाला ओढणी लावून खो खो हसू लागली.

डोळा पुसला. घर्र... आणि कडी उघडीच राहिली. पाकिटं एकामागून एक सरकू लागली. मॅडम काचेपलीकडून मान डोलावून निघून गेल्या.

भीमराजने रिपोर्टमध्ये कारण लिहिलं, "धूळ". शिवदासांनी तो शब्द दोनदा वाचला.

"मला वाचवलंस. तुला काय मिळणार रे यातून?"

"चहा द्या की, काका."

शिवदासांनी आपला कप पुढे केला. भीमराजने तो आधी नाकाशी नेला, हुंगला, मग घोट घेतला.

माणूस भरवशाचा दिसतो, शिवदासांना वाटलं.