तांब्याच्या पट्टीवरचे चर

आमचे हे पॉलिशवाले. कुठे ओरखडा दिसला की यांना चैन पडत नाही. लग्न होऊन मी घरात आले, तर माझ्याकडे बघायचं सोडून माझ्या माहेरचे पेले घासत बसले होते.

धाकटे भावजी नेमके उलटे. यांच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून ते तांब्याच्या पट्टीवर केसाएवढे बारीक चर कोरायचे, वरून उघडे. कडेला पाणी लावलं की ते चरांतून आपलं आपण वर चढायचं, पातळ पसरायचं आणि बघता बघता वाळायचं. वाळताना पट्टीची उष्णता घेऊन जायचं. एका कारखान्याला तापणारी यंत्रं अशी गार ठेवायची होती. पट्टी पसंत पडली तर भावजींना तिथेच नोकरी. "मग दादाला हा धुरळा गिळायला नको, वहिनी," म्हणायचे.

यांना ते सगळं समजावून सांगायचे. हे "हो, हो" म्हणायचे. कान मशीनने कधीच नेलेत, पण ऐकू आलं नाही हे कबूल करतील तर शपथ.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी भावजी पट्टीसाठी डबी आणायला गेले. "उद्या मोठ्या माणसांपुढे हे ओरबाडलेलं नेणार का पोरगं?" म्हणत यांनी पट्टी उचलली. मशीनची घरघर रोजचीच, मी स्वयंपाकघरातून कशाला उठते?

भावजी आले तेव्हा पट्टी आरशासारखी लखलखत होती. त्यांनी ती उलटली, पुन्हा सुलटी केली. मग यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "दादा, छान चमकतेय."

तीच घेऊन गेले. पुरी झालेली दुसरी होतीच कुठे? पाणी काही वर चढलं नाही. "दादाला बोलू नका," एवढंच मला म्हणाले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण ते मी गिळलं. आणि हे मात्र सांगत सुटले, "मी चकाकी दिली होती, याच्याच डोक्यात काही नव्हतं." उचलली जीभ, लावली टाळ्याला! भावजी दूरच्या शहरात काचेच्या दुकानात लागले, ते तिथेच राहिले.

परवा बाक हलवताना मागे त्यांची एक अर्धवट कोरलेली पट्टी सापडली. हे ओल्या फडक्याने पुसायला गेले, तर पाणी चरांतून सरसर वर चढलं आणि वाळून गेलं. यांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुला माहीत होतं?" मी मान डोलावली.

यांनी भावजींना फोन लावला. "अरे, तेव्हाच बोलला का नाहीस?" उत्तर यांना ऐकू येईना, म्हणून फोन माझ्याकडे दिला.

"वहिनी, दादाने पहिल्यांदाच माझ्या कामाला हात लावला होता," भावजी म्हणाले.

मी ते यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

आता रोज सुई घेऊन तांब्यावर चर कोरायला बसतात. एक धड पट्टी भावजींना पाठवायची म्हणतात. पण दोन-चार चर कोरले की दुसरा हात आपसूक मशीनच्या बटणाकडे जातो. मी शेजारी बसते आणि तो हात धरून ठेवते.