काम येत नाही म्हणून काढली तिला

ज्या ऑफिसात सुजातानं चार वर्षं काम केलं, त्याच ऑफिसच्या दारात तिला व्हिजिटरच्या वहीत नाव लिहायला लावलं. इंदिरानगरचं आमचं ऑफिस. सिक्युरिटीवाले अण्णा तिला रोज "ऊटा आयता?" म्हणून जेवणाचं विचारायचे. त्या दिवशी त्यांनी वही पुढं सरकवली आणि दुसरीकडं पाहत राहिले. 'कोणाला भेटायचं' या रकान्यात तिनं माझं नाव लिहिलं.

तिला आत घेतलंच नाही. रिसेप्शनच्या सोफ्यावर, माझा लॅपटॉप मांडीवर घेऊन, ती तीन तास बसली. दवाखान्यांची बिलं काढणारं आमचं सॉफ्टवेअर सकाळपासून अडलं होतं. तिनं ते सुरू करून दिलं. मग निखिल सर बाहेर आले. आमचे मॅनेजर, पुण्याचे. टीमसाठी मागवलेल्या पिझ्झाचे दोन तुकडे उरले होते. तो डबा त्यांनी तिच्या हातात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "थँक्स हं. घेऊन जा घरी, सध्या जेवणाचं कसं चाललंय तुझं काय माहीत. आणि हे बघ, यातून उगाच काही अपेक्षा नको ठेवूस."

सात जण उभे होतो. कोणी तोंड उघडलं नाही. त्यात मीही होती.

सुजाता म्हणाली, "थँक्यू सर." आणि डबा घेऊन लिफ्टकडं गेली. ते थँक्यू माझ्या कानातून जात नाही.

आम्ही दोघी नागपूरच्या. एका वस्तीतल्या, एका कॉलेजातल्या. तिची आई दवाखान्यात आया. वॉर्डात सगळ्यांना सांगायची, "बिलं निघतात नं कम्प्युटरवर, ते माझी पोरगी बनवते." बंगळूरला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी निखिल सरांनी आमची आडनावं विचारली. मग कॉलेज विचारलं. मग म्हणाले, "अच्छा, म्हणजे ॲडमिशन कशी झाली ते कळलं." आणि हसले. आम्हीपण हसलो. काऊन हसलो बाप्पा आम्ही? नोकरी नवीन होती, भीती होती, दुसरं काय.

यंदा ते मला म्हणाले, "सुजाताचं काम शिकून घे. ती सुट्टीवर गेली तर अडायला नको." आमच्यात याला केटी म्हणतात. दोन आठवडे ती मला जीव ओतून शिकवत होती. "अबे, इथं लक्ष दे, इथंच सगळे फसतात," असं म्हणायची. तिसऱ्या सोमवारी साडेदहा वाजता तिचा लॅपटॉप आपोआप बंद झाला. दहा मिनिटांचा कॉल. 'काम समाधानकारक नाही.' संपलं.

आमच्या धंद्यात केटी घ्यायला सांगितली की मागं काय शिजून राहिलं, हे शेंबडं पोरगंही सांगेल. मला माहीत नव्हतं असं म्हणू? खोटं आहे ते. शंका आली होती. विचारलं असतं तर माझं नाव पुढं आलं असतं, म्हणून गप्प बसली मी.

बसवनगुडीच्या आमच्या खोलीत ती अंथरुणातून उठेचना. केस विंचरेना. भात केला तसाच राहायचा. आईचा फोन आला की म्हणायची, "मीटिंगमध्ये आहे आई," आणि भिंतीकडं तोंड करायची. साठवलेल्यातून घरी पगार म्हणून पैसे पाठवत राहिली. ते संपले तेव्हा मोबाइलच्या ॲपवरून कर्ज काढून पाठवले. मग वसुलीवाल्यांचे घाणेरडे फोन. मी रागवायची, "उठ ना बे, आंघोळ कर, किती दिवस असं?" ताप आलेल्याला ताप उतरव म्हणून रागवावं, तसं होतं ते. पण मला तेव्हा अक्कल नव्हती.

आणि त्यातच सॉफ्टवेअर अडलं. निखिल सर माझ्या डेस्कशी आले. "तुझी मैत्रीण घरी रिकामीच असेल ना? बोलाव तिला. तुझं ऐकेल ती."

मी फोन लावला. फक्त "तुला ऑफिसात बोलावलं" एवढंच बोलली.

"मला? खरंच बोलावलं?"

कित्येक दिवसांनी तिनं आंघोळ केली. कुर्त्याला इस्त्री केली. आईला फोन करून तिनं "आज महत्त्वाचं काम आहे" म्हणून सांगितलं. ती लिफ्टमधून बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत चमक होती. फक्त कामापुरतं बोलावलंय, हे मी तिला आधी सांगायला पाहिजे होतं. जीभच रेटली नाही. तिला त्या सोफ्यावर मी नेऊन बसवलं. निखिल सरांनी नाही, मी.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती अगदी हळू म्हणाली, "मी नसली तर तुला खोलीचं अर्धं भाडं द्यायला दुसरी पोरगी मिळेल नं?"

त्याच क्षणी तिला रिक्षात घातलं आणि मानसिक रुग्णांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत रांगेत बसलो. तिचा हात मी सोडला नाही. डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली, म्हणाल्या, "एकटं ठेवू नका." दवाखान्याच्या पायरीवरूनच मी तिच्या आईला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. मावशी दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघाल्या. आल्या, लेकीला पोटाशी धरलं. "नोकरी गेली तं जाऊ दे वो माय. तू काऊन जाऊन राहिली?" सुजाता रडली नाही. मी रडली.

तीन आठवड्यांनी निखिल सर परत आले. "सुजाताला फोन लाव जरा. पाच मिनिटांचं काम आहे."

"नाही लावणार."

"अगं, मैत्रीण ना तुझी?"

"म्हणूनच." मी उभी राहिली. आवाज मोठा निघाला. "काम येत नाही म्हणून काढलं नं तिला? मग जिला काम येत नाही, तिला काऊन विचारून राहिले तुम्ही?"

ते हळूच म्हणाले, "अप्रेझल जवळ आलंय तुझं. विचार कर."

केला विचार. त्याच दिवशी एचआरला मेल लिहिला. सुजातानं त्या तारखेला, रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून, कोणतं काम केलं, ते तासागणिक लिहिलं. तिच्या नावापुढचा 'समाधानकारक नाही' हा शेरा काढा, त्या शेऱ्यापायी तिला दुसरीकडं कोणी घेणार नाही, असं लिहिलं. केटी कोणी घेतली, कशासाठी घेतली, तेही लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

उत्तर आलं नाही. सुजाता अजून दिवसातले चौदा तास झोपते. कधी पहिल्यासारखी बोलते, कधी तासन् तास एक शब्द नाही. "तुला काढतील," एवढं मात्र म्हणाली.

काढू दे. दर सोमवारी साडेदहा वाजता मी तोच मेल पुन्हा पाठवते. आतापर्यंत पाच वेळा पाठवला. माझा लॅपटॉप बंद केला तर सायबर कॅफेतून पाठवीन. तो शेरा खोडला जाईपर्यंत पाठवीन.